शंकेचे ओझे वाहणारा पंडित : फादर नेहेम्या नीळकंठशास्त्री गोरे

पेशवाईच्या काळात नर्मदा ओलांडून उत्तरेस गेलेली आणि पुढे तिकडचीच झालेली मराठी घराणी थोडीथोडकी नाहीत. त्यांच्या वंशात सरदार झाले, दिवाण झाले, शास्त्री, वैद्य आणि कीर्तनकार झाले. परंतु बुंदेलखंडात जन्मलेल्या, काशीत वाढलेल्या आणि मुंबईत देह ठेवलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांच्यासारखा पुरुष त्यांत दुसरा सापडणे कठीण आहे. विशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी हिंदू धर्माच्या बाजूने ख्रिस्ती मताचे खंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहिला. आणि पस्तिशीत ख्रिस्ती धर्माच्या बाजूने षड्दर्शनांचे खंडन करणारा हिंदी ग्रंथ लिहिला. दोन्ही ग्रंथांतली विद्वत्ता अस्सल आहे, दोन्हींतला प्रामाणिकपणा अस्सल आहे. वाद जिंकण्यासाठी लेखणी धरणारे पुष्कळ असतात. गोरे यांनी दोन्ही वेळा ती धरली ती आपल्याच मनातला वाद मिटावा म्हणून. तो मिटला का, हा त्यांच्या चरित्राचा खरा विषय आहे.

गोरे घराणे मूळचे कोकणस्थ. नीळकंठांचे आजोबा बांद्याच्या नवाबाच्या पदरी मोठ्या हुद्द्यावर होते. बांद्याचे नवाब म्हणजे पहिला बाजीराव आणि मस्तानी यांचे वंशज. तेव्हा पुण्याहून बुंदेलखंडात गेलेल्या ब्राह्मण कारभाऱ्यांना तो दरबार परका वाटण्याचे कारण नव्हते. घरात पैसा आला, मान आला, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे सुस्थितीतल्या कुटुंबाची पावले काशीकडे वळली. नीळकंठांचा जन्म मात्र झाशीच्या मुलुखातील काशीपुरा या गावी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाला. वडिलांचे नाव शिवराम. मुलगा लहानपणीच काशीत आला आणि तेथेच वाढला.

काशीतले मराठी विश्व त्या काळी फार मोठे होते. पैठणहून येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्याने काशीच्या विद्वत्सभेत पिढ्यान्‌पिढ्या अग्रपूजेचा मान मिळविला होता. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी रायगडी गेलेले गागाभट्ट याच घराण्यातले. नागोजीभट्टांचे व्याकरणग्रंथ तर आजही पाठशाळांतून शिकविले जातात. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा उभारलेले. घाट मराठ्यांचे, अन्नछत्रे मराठ्यांची आणि वेदघोषातही दक्षिणी स्वर ऐकू येणारा. अशा नगरीत एका सधन दक्षिणी कुटुंबातल्या बुद्धिमान मुलाने काय शिकावे हे ठरलेलेच होते. नीळकंठ व्याकरण शिकले, मग न्यायशास्त्राकडे वळले. इंग्रजी शाळेची पायरी त्यांनी चढली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुंबई इलाख्यात त्याच सुमारास जे सुशिक्षित ब्राह्मण ख्रिस्ती झाले, त्यांपैकी नारायण शेषाद्री यांच्यासारखे तरुण मिशनच्या इंग्रजी शाळेतून त्या वाटेने गेले. नीळकंठशास्त्र्यांना त्या वाटेवर इंग्रजीने नेले नाही. त्यांना नेले ते संस्कृतने, आणि संस्कृतातही न्यायशास्त्राने.

न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत संशय तिसरा आणि निर्णय नववा. संशय हा तेथे दोष मानलेला नाही. संशयावाचून विचाराला प्रारंभच होत नाही. मात्र तर्काच्या साहाय्याने त्याने निर्णयापर्यंत पोचले पाहिजे, अशी त्या शास्त्राची शिस्त. नीळकंठशास्त्र्यांच्या बुद्धीने ही शिस्त इतकी अंगी मुरवून घेतली की पुढे धर्म बदलला, पोशाख बदलला, नावही बदलले, तरी ती शिस्त सुटली नाही. घराणे शैव असताना विचारान्ती ते विष्णुभक्त झाले होते, ही गोष्टही या दृष्टीने बोलकी आहे. कुळात चालत आलेली उपासना तेवढ्याच कारणाने स्वीकारावी, हे त्यांना तारुण्यातच पटेनासे झाले होते. त्यांच्या आयुष्यातले पहिले मतांतर हे असे हिंदू धर्माच्या चौकटीतच घडले आणि त्याने कोणाचे घर हादरले नाही.

काशीच्या रस्त्यांवर आणि घाटांवर तेव्हा मिशनरी उपदेश करीत. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे त्यांपैकी एक. दैवतांची निंदा करणाऱ्या या परक्या माणसाला वादात निरुत्तर करावे, या हेतूने तरुण नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले. स्मिथ यांनी त्यांना वाचावयास जी पुस्तके दिली त्यांत ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ होता. तो लिहिणारे जॉन म्यूर हे कंपनीचे सनदी अधिकारी, स्वतः उत्तम संस्कृतज्ञ, आणि १८४४-४५ च्या सुमारास काशीच्या संस्कृत पाठशाळेचे काही काळ प्रमुख. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने ख्रिस्ती धर्माचे मंडन व हिंदू धर्माचे खंडन होते. पंडितांशी पंडितांच्या भाषेत बोलण्याचा हा डाव नवा होता, आणि पंडितांनी तो मनावर घेतला. सिहोरचे सुबाजी बापू या महाराष्ट्रीय शास्त्र्यांनी ‘सोमनाथ’ या नावाने त्याच साली एक उत्तर लिहिले. पुढच्या वर्षी बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांनी दुसरे. तिसरे उत्तर काशीतून आले. १८४४-४५ मध्ये रचलेला तो पद्यग्रंथ म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. कर्त्याचे वय तेव्हा एकोणीस-वीस!

या तीन उत्तरांत गोरे यांचे उत्तर सर्वांत विस्तृत आणि सर्वांत खोल आहे. सुबाजी बापूंची वृत्ती समन्वयाची आहे. ज्याचा त्याचा मार्ग ज्याला त्याला देवानेच दिला आहे, असा त्यांचा सूर. तर्कपंचानन चिडून लिहितात. विशीतले गोरे मात्र प्रश्नाच्या मुळाशी हात घालतात. धर्मग्रंथ खरा की खोटा हे केवळ तर्काने ठरविता येते काय? त्यांचे उत्तर असे की, श्रद्धा आधी आणि तर्क मागाहून. श्रद्धेवाचून चालणारा तर्क कोणत्याही शास्त्राला, मग ते ख्रिस्त्यांचे का असेना, छिन्नविच्छिन्न करू शकेल. म्यूर यांनी जी शस्त्रे हिंदू शास्त्रांवर चालविली तीच बायबलावर उलटविता येतात, हे ते दाखवून देतात. पूर्वजन्म नाही म्हणता, तर एक मूल जन्मांध आणि दुसरे राजाच्या घरी, हा भेद न्यायी ईश्वराने का केला? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले म्हणून त्यांना यातना? आणि चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला कधीही न संपणारा नरक, ज्यातून सुधारण्याची वाटच नाही, ही शिक्षा दयाळू परमेश्वराला शोभते काय? हा शेवटचा प्रश्न वाचकाने विसरू नये. गोरे यांनाही तो कधी विसरता आला नाही.

ग्रंथ पुरा झाला. पण शत्रूचा किल्ला पाहावयास गेलेला शिपाई आत अडकावा तसे काहीसे झाले. खंडनासाठी बायबल वाचावे लागले, आणि वाचता वाचता त्यातील ख्रिस्ताच्या चरित्राने, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने, मन धरून ठेवले. दुसऱ्या बाजूने पुराणकथांविषयी जे आक्षेप ते श्रद्धेच्या बळावर परतवीत होते, ते एकांतात परतेनात. श्रद्धा आधी, असे त्यांनी लिहिले होते. ती आधी असलेली श्रद्धाच जेव्हा ढळू लागली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या सिद्धांताप्रमाणे तर्काला आवरणारे काहीच उरले नाही. असे तीनएक वर्षे चालले. स्मिथ यांच्याकडे जाणे, परत येणे, आता काहीही वाचावयाचे नाही असे ठरविणे आणि पुन्हा वाचणे, असा हा झगडा होता. घरी सुगावा लागला तेव्हा विनवण्या झाल्या, रडारड झाली, धाकही दाखविण्यात आला. काशीतल्या दक्षिणी ब्राह्मणाचा, त्यातही शास्त्री म्हणून नाव होऊ लागलेला मुलगा ख्रिस्ती होणार, ही वार्ता त्या वस्तीत केवढा हाहाकार माजविणारी होती याची कल्पना आज करणे कठीण आहे.

अखेर काशीपासून दूर, जौनपूर येथे १४ मार्च १८४८ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘नेहेम्या’ हे नाव त्यांनी घेतले. पडलेल्या यरुशलेमची तटबंदी पुन्हा बांधणाऱ्या यहुदी पुढाऱ्याचे हे नाव. एवढे सारे सोडून एखादी गोष्ट पदरात घेतल्यावर माणसाला निदान काही काळ तरी शांती लाभते. नेहेम्यांना तीही लाभली नाही. बाप्तिस्म्यापूर्वी ज्या शंका होत्या त्या बाप्तिस्म्यानंतरही राहिल्या. किंबहुना आता त्यांची दिशा बदलली. आपण भुललो तर नाही ना, या विचाराने ते रात्र रात्र तळमळत. त्यांनी हे कधी लपविले नाही. नवख्रिस्त्यांच्या आत्मकथनांत अंधारातून प्रकाशात आल्याची जी ठरावीक वर्णने आढळतात, त्यांत नेहेम्यांचे कथन बसत नाही, आणि ते जास्त खरे वाटते ते त्यामुळेच.

संसाराची कथा थोडक्यात सांगण्याजोगी, पण विसरता न येण्याजोगी आहे. पत्नी लक्ष्मीबाई काही काळाने त्यांच्याकडे आली. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत त्यांना मुलगी झाली. तिचे नाव एलन लक्ष्मी. मूल लहान असतानाच लक्ष्मीबाई वारली. आप्त तुटलेले, हाती पैसा नाही, आणि पदरात तान्हे मूल. ते मूल एका निळवाल्या इंग्रज कुटुंबाने आपले म्हणून वाढविले. सत्तावन्नच्या धामधुमीत त्या कुटुंबाची वाताहत झाली, तेव्हा स्टॉर्स नावाच्या एका पाद्र्याने मुलीचा सांभाळ केला आणि पुढे तिला विलायतेस नेले. बापलेकींचा सहवास असा जवळजवळ घडलाच नाही. काशीच्या शास्त्र्याची लेक इंग्लंडात इंग्रज मुलगी होऊन वाढली. तिने इंग्रजीत भक्तिगीते लिहिली, त्यांचा संग्रह १८८३ साली निघाला आणि त्यातले एक गीत इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रार्थनामंदिरांतून फार गाइले गेले. १८८० मध्ये ती स्वदेशी परतली आणि अलाहाबादेत अनाथ मुलींच्या सेवेत राहिली. १९३७ साली ती वारली.

१८५४ मध्ये नेहेम्यांच्या आयुष्यात एक विलक्षण प्रसंग आला. पंजाबचे राज्य गमावलेले बालमहाराज दुलीपसिंग आदल्या वर्षी ख्रिस्ती झाले होते आणि आता विलायतेस निघाले होते. त्यांना एक विद्वान देशी सोबती हवा होता. निवड नेहेम्यांची झाली. चौदा-पंधरा वर्षांचा पदच्युत राजा आणि पत्नीवियोगाने खचलेला तिशीच्या आतला पंडित, दोघेही आपल्या समाजापासून तुटलेले, असे जहाजावर चढले. इंग्लंडात राजदरबाराचे दर्शन झाले, थोरामोठ्यांच्या घरी जाणे झाले. पण नेहेम्या ज्या देशाच्या शोधात आले होते तो देश त्यांना दिसेना. नव्या करारात वर्णिलेले ख्रिस्ताचे पहिले अनुयायी, त्यांचे दारिद्र्य, त्यांचे बंधुप्रेम, हे सारे ख्रिस्ती म्हणविणाऱ्या या राष्ट्रात घरोघर पाहावयास मिळेल अशी त्यांची भाबडी समजूत होती. लंडनमधली दौलत, गर्दी आणि दारूचे गुत्ते पाहून ती समजूत कोसळली. इस्लिंग्टनच्या मिशनरी विद्यालयात त्यांनी काही काळ अध्ययन केले. ख्रिस्ती धर्माची ‘प्रमाणे’ मांडणारे पेलीसारख्यांचे ग्रंथ तेथे शिकविले जात. काशीत गंगेश उपाध्यायांच्या परंपरेतला तर्क घोटलेल्या माणसाला ती प्रमाणे किती पोकळ वाटली असतील हे न्यायशास्त्राची तोंडओळख असलेल्यासही समजेल.

ऑक्सफर्डला त्यांची आणि मॅक्स म्यूलर यांची भेट झाली. म्यूलर तेव्हा ऋग्वेदाच्या संपादनात गढलेले होते. हिंदुस्थानात पाऊल न ठेवता वेदांचा ध्यास घेतलेला जर्मन पंडित आणि वेदांच्या नगरीतून वेद सोडून आलेला मराठी पंडित, या दोघांनी एकमेकांसमोर बसावे हा योगच अजब. म्यूलरांच्या मनावर या भेटीचा इतका ठसा उमटला की चाळीसहून अधिक वर्षांनी आपल्या हिंदी मित्रांच्या आठवणी लिहिताना त्यांनी नीळकंठ गोरे यांना विस्ताराने आठवले. विलायतेत या माणसाची झालेली निराशा त्यांनी जवळून पाहिली होती, आणि मिशनरी मंडळींना या पंडिताच्या मनाचा ठाव लागलाच नाही, अशी खंतही त्यांना होती. १८५५ मध्ये नेहेम्या परतले. इतर कोणी असता तर काशीच्या घाटावर प्रायश्चित्त घेऊन मोकळा झाला असता, किंवा सर्वच धर्मांना रामराम ठोकला असता. नेहेम्यांनी दोन्ही केले नाही. ख्रिस्ती माणसांनी निराशा केली म्हणून ख्रिस्त सोडावयाचा, हे अनुमान त्यांच्या तर्काला मान्य होण्याजोगे नव्हते.

पुढची काही वर्षे लेखनाची. १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८६२ मध्ये फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास छापले गेले. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त या सहाही दर्शनांची त्यात चिकित्सा आहे. मुख्य रोख अर्थातच वेदान्तावर. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या तीन सत्तांच्या कल्पनेवर ते घाव घालतात. अज्ञान जर खरे नाही तर त्याने घातलेले बंधनही खरे नाही, मग मोक्ष कशापासून? आणि ज्या ब्रह्माला जाणणारा नाही, जाणण्याजोगे काही नाही, ते ब्रह्म आणि दगड यांत भेद तो कोणता? वेदान्त्यांना ही उत्तरे देता येत नाहीत असे नाही. रामानुज-मध्वांच्या परंपरेतल्या आचार्यांनी असेच प्रश्न शतकानुशतके विचारले आणि अद्वैतवाद्यांनी त्यांना उत्तरे दिली. नेहेम्यांचा विशेष असा की, त्यांनी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला. शंकराचार्यांचे मत विद्रूप करून मग ते खोडावयाचे, ही त्या काळच्या मिशनरी लेखनातली सर्रास रीत त्यांनी पत्करली नाही. म्हणूनच ज्यांना त्यांचे निष्कर्ष मान्य नव्हते त्यांनाही हा ग्रंथ टाळता आला नाही.

मात्र येथे एक पेच आहे. विशीतल्या नीळकंठांनी सांगितले होते की केवळ तर्काच्या कसोटीला कोणतेच शास्त्र उतरणार नाही. पस्तिशीतल्या नेहेम्यांनी त्याच कसोटीवर सहा दर्शने घासली. मग सातवे, म्हणजे त्यांनी स्वीकारलेले मत, त्याच कसोटीवर घासावयाचे की नाही? प्रतिपक्षाने हा प्रश्न विचारण्याची गरज नव्हती. नेहेम्या तो स्वतःला रोज विचारीत होते. १८६८ साली त्यांनी कलकत्त्यास एक पुस्तिका काढली. विषय होता, अनंत काळच्या शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेप व त्यांचे निरसन. चोवीस वर्षांपूर्वी काशीत बसून म्यूर यांना त्यांनी जो आक्षेप घेतला होता, त्याचेच उत्तर आता ते देत होते. ज्याला तो प्रश्न पोळलेला नाही तो असे पुस्तक लिहावयास बसत नाही. ब्राह्मसमाजी आणि प्रार्थनासमाजी मंडळींना ते पुढेही हेच सांगत राहिले की, विवेकाला रुचेल तेवढेच ईश्वरी सत्य म्हणून घ्यावयाचे असेल तर मग ईश्वराने सांगितले काय आणि तुम्ही कल्पिले काय, याचा निवाडा कसा करणार? १८७५ साली मुंबई व पुणे येथे त्यांनी या मंडळींपुढे केलेली चार व्याख्याने त्याच वर्षी छापून निघाली. प्रार्थनासमाजातल्या सुशिक्षितांना ख्रिस्ताची नीती हवी होती, पण त्याचे ईश्वरत्व नको होते. नेहेम्यांना ही सोयीस्कर तडजोड वाटे. याबाबतीत ते त्यांच्यावर काहीसा अन्यायच करीत. रानडे-भांडारकरांच्या ईश्वरनिष्ठेत तुकारामाचा जो ओलावा होता, तो तर्काच्या काट्यावर तोलण्याजोगा नव्हता.

याच काळात त्यांची धर्मोपदेशकाची दीक्षाही झाली. बाप्तिस्म्याला वीस वर्षे होईपर्यंत त्यांनी ती घेतली नव्हती. आपण त्या पदाला पात्र नाही, ही त्यांची समजूत त्यांच्या स्वभावाशी सुसंगत होती. १८६८ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिलमन यांच्या हस्ते ते डीकन झाले, १८७० मध्ये पाद्री. दरम्यान त्यांचा ओढा इंग्लिश चर्चमधल्या प्राचीन परंपरा मानणाऱ्या पंथाकडे वळला होता. एकट्याने बायबल उघडून आपल्या बुद्धीने अर्थ लावावयाचा, या प्रॉटेस्टंट रीतीत त्यांच्यासारख्या शंकाकुल माणसाला आसरा नव्हता. त्यांना अधिकारवाणी हवी होती. शतकानुशतकांच्या चर्चने जे ठरविले ते प्रमाण, असे म्हणता येणे हवे होते. काशीत असताना श्रुतीच्या ठायी जे प्रामाण्य होते तेच आता ते चर्चच्या ठायी शोधीत होते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. विशीतला सिद्धांत, श्रद्धा आधी व तर्क मागाहून, असा वळसा घेऊन त्यांच्याकडे परत आला.

ऑक्सफर्डजवळच्या कौली येथील संत योहानाच्या नावाच्या संन्यासी संघाशी त्यांचा संबंध जडला तो यातूनच. या संघाचे फादर ओनील इंदुरात गरिबासारखे राहून काम करीत आणि १८८२ साली तेथेच पटकीने वारले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, उपवास, प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, हे जीवन नेहेम्यांना परके नव्हते. काशीतल्या कर्मठ घरातल्या मुलाला त्यात ओळखीचेच काही दिसले असेल. १८७६ च्या सुमारास ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि संघात उमेदवार म्हणून राहिले. पण आजन्म बांधून घेणारी शपथ त्यांनी अखेरपर्यंत घेतली नाही. ज्या जीवनक्रमाचे त्यांनी काटेकोर पालन केले त्याची प्रतिज्ञा मात्र केली नाही. आपला उद्याचा निश्चय आजच कसा गहाण टाकावा, हा प्रश्न त्यांना सुटला नसावा.

उत्तरायुष्यात त्यांचे वास्तव्य पुण्यात पुष्कळ झाले. ज्या पंचहौद मिशनमधील चहामुळे १८९० साली पुण्यात ग्रामण्य उठले आणि रानडे-टिळकांपर्यंत सर्वांना प्रायश्चित्ताचा वाद भोवला, ते मिशन कौलीच्या याच संघाचे. पुण्यातच नेहेम्यांची गाठ पंडिता रमाबाईंशी पडली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक, अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असलेली, पतिनिधनानंतर १८८२ मध्ये पुण्यास आली होती. संस्कृतात वाढलेल्या या दोन मराठी माणसांना एकमेकांची भाषा दुसऱ्या कोणाहीपेक्षा अधिक समजली असली पाहिजे. इंग्रज मिशनरींनी जे सांगून पटले नव्हते ते रमाबाईंना नेहेम्यांच्या लेखनाने पटले, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वॉन्टेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चर्चच्या अधिकाराविषयी त्यांनी तेथल्या भगिनींशी जो कडाक्याचा पत्रव्यवहार केला तो मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. रमाबाईंनी विवेकाचा हक्क सोडला नाही; नेहेम्या मात्र त्या हक्काच्या ओझ्याने वाकून चर्चच्या छायेत शिरले होते. एकाच परंपरेतून निघालेल्या दोघांचे मार्ग येथे वेगळे झाले. रमाबाईंना स्वातंत्र्याने बळ दिले. नेहेम्यांना ते सोसवले नाही, असे म्हणावे, तर ज्या माणसाने विशीत सारे घर सोडले त्याला भित्रा कसे म्हणावे?

१८८७ मध्ये ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाची प्रमाणे मांडणारे, एका मित्रास पत्ररूपाने लिहिलेले त्यांचे पुस्तक निघाले. पुढच्याच वर्षी ख्रिस्ती धर्म मनुष्यकृत नसून ईश्वरप्रणीत आहे असे प्रतिपादणारे दुसरे. साठी उलटलेला, चाळीस वर्षे ख्रिस्ती असलेला माणूस अजून प्रमाणेच गोळा करीत होता. या उत्तरकालीन लेखनात हिंदू परंपरेविषयीचा सूरही पालटला आहे. ज्या दर्शनांचे त्यांनी कठोर खंडन केले त्यांनीच हिंदू मनाला ईश्वराशी ऐक्य पावण्याची, वैराग्याची आणि अवताराची ओढ लावली, आणि ही ओढ ईश्वरानेच पूर्वतयारी म्हणून दिली असली पाहिजे, असे ते आता मांडू लागले. काशीशी हा त्यांचा अर्धा समेट होता. पुरा समेट त्यांच्या स्वभावातच नव्हता.

शेवटपर्यंत राहणी साधी, गरजा अगदी मोजक्या. भेटीस येणाऱ्या तरुणांशी ते तासन्‌तास वाद करीत आणि वाद संपल्यावर स्वतःच अस्वस्थ होत, कारण समोरच्याचा आक्षेप त्यांच्या मनात घर करून राही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत मुंबईतच नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीला पुढे ओवी-अभंगांचा जो मोकळा मराठी कंठ फुटला, तो नेहेम्यांच्या वाट्याला आला नाही. त्यांची भाषा वादाचीच राहिली.

पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. ‘षड्दर्शनदर्पण’ अभ्यासकांच्या हाती होताच. काशीतला तो तरुणपणीचा पद्यग्रंथ मात्र, ज्याचे प्रतिपादन कर्त्याने पुढे स्वतःच टाकून दिले, हस्तलिखितातच पडून होता. तो छापून निघण्यास १९५१ साल उजाडले. उज्जैनच्या सिंदिया ओरिएंटल इन्स्टिट्यूटतर्फे सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ संपादून प्रसिद्ध केला, आणि न संपणाऱ्या नरकाविषयीचा तो जुना प्रश्न, त्याला स्वतः गोऱ्यांनी दिलेल्या उत्तरानंतर तब्बल त्र्याऐंशी वर्षांनी, प्रथमच छापील अक्षरांत आला.